बर्फाच्या समुद्रात छोटी आगबोट



मी याच शाळेत शिकलो. भूगोलाच्या तासाला गुरुजी पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवीत. अगदी वरच्या टोकावर बोट टेकवून ते म्हणत, "इथे सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र." मला ते खोटे वाटे. सूर्य मावळलाच नाही तर माणसे जेवतात कधी आणि झोपतात कधी, असे मी एकदा विचारलेही होते. सगळा वर्ग हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. म्हणाले, "जाऊन बघ आणि मग मला सांग."

पुढे मी आपल्या गावातल्या अनेकांसारखा बोटीवर गेलो, खलाशी झालो. २०२५ सालच्या उन्हाळ्यात मला एका छोट्या आगबोटीवर काम मिळाले. ती बोट प्रवाशांना घेऊन उत्तरेच्या बर्फात जाते. तिथले प्राणी आणि बर्फ दाखवते आणि परत आणते. सुट्टीत गावी आलो तेव्हा बाई म्हणाल्या, "भित्तिपत्रकासाठी मुलांना नीट लिहून द्या." गुरुजींना सांगायचे राहूनच गेले; म्हणून आता तुम्हांला सांगतो.

कुठे गेलो?

वर्गातला जगाचा नकाशा काढा. युरोपात नॉर्वे देश शोधा. तिथून बोट सरळ उत्तरेकडे सरकवा. समुद्र ओलांडला की काही बेटे दिसतील. हीच स्वालबार्ड बेटे. ती ७४ ते ८१ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहेत. आपला कोकण किनारा १५ ते २० अंशांच्या दरम्यान येतो. यावरून किती वर जायचे ते समजेल. या बेटांचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढे आहे, पण माणसे जेमतेम तीन हजार. निम्म्याहून जास्त जमीन बाराही महिने बर्फाखाली असते. १५९६ साली विलेम बारेंट्स नावाच्या डच दर्यावर्दीने ही बेटे पाहिली. तिथले सुळक्यासारखे डोंगर पाहून त्याने नाव दिले स्पिट्सबर्गन, म्हणजे टोकदार डोंगर.

आमची बोट लाँगइयरब्येन या गावातून सुटली. रात्रीचे बारा वाजले होते आणि डेकवर लख्ख ऊन! मला गुरुजींची आठवण झाली.

आता त्याचे कारण समजून घ्या. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. उन्हाळ्यात तिचे उत्तरेचे टोक सूर्याकडे झुकलेले असते. त्यामुळे पृथ्वी स्वतःभोवती कितीही फिरली तरी ते टोक उजेडातच राहते. बरोबर सहा महिन्यांचा दिवस मात्र फक्त ध्रुवावर. लाँगइयरब्येनला साधारण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे चार महिने, सूर्य मावळत नाही. हिवाळ्यात उलटे. तेव्हा महिनोन् महिने तो उगवतच नाही. आणि माणसे जेवतात कधी? घड्याळ बघून! झोपताना खिडकीला जाड पडदा लावतात.

छोटीच बोट का?

मोठ्या बोटींवर दोन-तीन हजार माणसे असतात. आमच्या बोटीवर शंभराच्या आतच प्रवासी होते. ही बेटे म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या अरुंद खाड्या. तिथे लहान बोटच सहज वळते. दुसरे कारण कायद्याचे. या बेटांवरच्या संरक्षित भागात १ जानेवारी २०२५ पासून दोनशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या बोटीला जाताच येत नाही. आणि बोटीतून उतरायचे तर वाटेल तिथे नाही. त्या भागात त्रेचाळीस जागा ठरवून दिल्या आहेत, तिथेच उतरायचे.

तिथे जेटी नाही की धक्का नाही. बोट खोल पाण्यात उभी करायची, यारीने रबरी होड्या खाली सोडायच्या, एकेका होडीत दहाबारा माणसे घ्यायची आणि किनाऱ्याला लावायची. दोर धरून माणसांना होडीत उतरवणे हे माझे काम.

पण त्याआधी आणखी एक काम असे, आणि ते मला सुरुवातीला अगदी फालतू वाटे. प्रत्येक प्रवाशाचे बूट घासून धुवायचे, कपडे आणि पिशव्या तपासायच्या. का, माहीत आहे? आपण रानातून आलो की पायजम्याला कुसळे चिकटलेली असतात ना? तशी दूरदेशीच्या गवताची कुसळे, बिया कपड्यांतून तिकडे गेल्या आणि रुजल्या तर तिथली नाजूक झाडेझुडपे मागे पडतील. तिथले विलो नावाचे झाड जमिनीला चिकटून वाढते. तुमच्या बुटाच्या उंचीचेही नसते, बरे का! म्हणून आधी बूट धुवायचे आणि मगच पाय ठेवायचा. देवळात जाताना आपण चपला बाहेर काढतो, तसेच.

गोडा बर्फ आणि खारा बर्फ

तुम्ही जेटीवर मासळीसाठी येणारी बर्फाची लादी पाहिली आहे. मलाही वाटे, बर्फ म्हणजे बर्फ. तिथे कळले की बर्फ दोन प्रकारचा.

पहिला जमिनीवरचा. वर्षानुवर्षे हिम पडते, त्याचे थर एकावर एक दबतात आणि त्यांचा कठीण बर्फ होतो. हा बर्फ स्वतःच्या वजनाने अगदी हळूहळू उतारावरून सरकतो. ही हिमनदी. ती समुद्राला मिळते तिथे तिचे कडे तुटून पाण्यात पडतात, त्यांना हिमनग म्हणतात. हा बर्फ गोड्या पाण्याचा. जुना दाट बर्फ चक्क निळा दिसतो, कारण तो उजेडातला तांबडा रंग शोषून घेतो. त्यात जुनी हवा बुडबुड्यांच्या रूपाने कोंडलेली असते. बर्फ वितळताना ती तडतड करीत बाहेर पडते. आम्ही इंजिन बंद करून होडीत गप्प बसलो की चारी बाजूंनी तडतड ऐकू येई, जणू काही तव्यावर मोहरी टाकली आहे!

दुसरा समुद्रावरचा. समुद्राचे पाणी खारट, म्हणून ते शून्य अंशाला गोठत नाही. उणे १.८ अंशांच्या आसपास गोठते. गोठताना बरेचसे मीठ खाली पाण्यात सुटते. हा बर्फ समुद्रावर सायीसारखा धरतो, जाड होतो आणि उन्हाळ्यात फुटून त्याचे तराफे होतात. तो लांबूनच ओळखू येतो. पुढे बर्फ असला की वरच्या ढगांचे पोट पांढरे चमकते. पूर्वीचे दर्यावर्दीही ही खूण पाहून सावध होत.

बर्फ म्हणजे शेत

पांढऱ्या ओसाड बर्फावर प्राणी जगतात कसे? हा प्रश्न मी आमच्या बोटीवरच्या वाटाड्याला विचारला. त्याने बर्फाचा एक तुकडा उलटा करून दाखवला. खालची बाजू तपकिरी होती! तो म्हणाला, "हे शेत."

तो तपकिरी रंग शेवाळासारख्या बारीक वनस्पतींचा. वसंतात बर्फातून उजेड झिरपतो आणि त्या बर्फाच्या खालच्या अंगाला वाढतात. त्यांना आपल्या जवळ्यासारखे बारीक बारीक जीव खातात. त्या जिवांना ध्रुवीय कॉड नावाचे लहान मासे खातात. माशांना सील खातात आणि सीलला ध्रुवीय अस्वल खाते. म्हणजे अस्वलाचे जेवण शेवटी बर्फाखालच्या शेतातच पिकते. शिवाय सीलची पिले बर्फावरच होतात, आणि सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकातून वर येते तेव्हाच अस्वल तिला पकडते. मोकळ्या पाण्यात सील अस्वलाला सहसा सापडत नाही. बर्फ नसेल तर अस्वलाला उभे राहायला जागा नाही आणि खायला अन्न नाही.

ती दुपार

आता मी ज्या दिवसाबद्दल मुख्यतः लिहिणार होतो तो दिवस सांगतो.

२०२५ चा जुलै महिना. आम्ही ८० अंशांच्याही वर, बर्फाच्या तराफ्यांच्या कडेला होतो. वाटाड्याने दुर्बिणीतून पाहिले आणि हात वर केला. सगळे धावत डेकवर आले. पण आवाज कोणाचाच नाही. कप्तानाने इंजिन अगदी मंद केले.

लांब बर्फावर एक पिवळसर ठिपका होता. हो, पिवळसर! शुभ्र बर्फावर ध्रुवीय अस्वल साईच्या रंगाचे दिसते. ती मादी होती. तिने सील मारली होती आणि ती तिची चरबी खात होती. शेजारी त्याच वर्षीचे एक पिल्लू. जन्मताना हे पिल्लू अर्धा-पाऊण किलोचे असते, आपल्या मांजरीच्या पिल्लापेक्षा थोडेच मोठे.

कायदा असा आहे की १ मार्च ते ३० जून या काळात अस्वलापासून पाचशे मीटर आणि बाकीच्या दिवसांत तीनशे मीटर लांब राहायचे. तीनशे मीटर म्हणजे आपल्या शाळेच्या फाटकापासून ओढ्याच्या साकवापर्यंत. तेवढ्यावरून नुसत्या डोळ्यांनी काय दिसणार? एक म्हातारी बाई कठड्याशी उभी होती. तिने या प्रवासासाठी कितीतरी वर्षे पैसे साठवले होते. ती वाटाड्याला म्हणाली, "थोडेसेच पुढे घ्या ना. मी पुन्हा कधी येणार इथे?"

खरे सांगतो, मलाही तसेच वाटले. थोडे पुढे गेलो तर कोण बघणार आहे? इथे ना पोलीस ना पहारा.

तेवढ्यात मादीने खाणे थांबवले. मान वर केली. आमच्या दिशेने नाक करून हुंगू लागली. पिल्लू तिच्या पोटाखाली शिरले. आम्ही तीनशे मीटरांपेक्षा लांब होतो, म्हणजे कायदा मोडला नव्हता. तरीसुद्धा कप्तानाने बोट हळूच मागे घेतली, आणखी मागे, आणखी मागे. ठिपका बारीक झाला.

त्या म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आले. मला वाटले, आता ही चिडणार. वाटाडा तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "आजी, तिला ही एक सील मिळायला कदाचित कित्येक दिवस लागले असतील. आपल्यामुळे ती अन्न टाकून पळाली तर पिल्लाला दूध कुठून?" मग त्याने आपली दुर्बीण तिला दिली. तिने बराच वेळ पाहिले आणि दुर्बीण माझ्या हातात ठेवली.

मी पाहिले. मादी पुन्हा खाऊ लागली होती. पिल्लू आईच्या पाठीवर चढत होते आणि घसरत होते.

मुलांनो, बोट पुढे गेली असती तर आम्हांला पळणारे अस्वल दिसले असते. मागे आलो म्हणून जगणारे अस्वल दिसले. आपण पाहुणे. पाहुण्याने उंबऱ्यापाशी थांबावे, चुलीपर्यंत जाऊ नये.

बंदूक खाली ठेवली तेव्हा

दुसऱ्या दिवशी वालरस पाहिले. वालरस म्हणजे सीलचाच मोठा भाऊबंद. नराला आणि मादीलाही लांब सुळे असतात. नराचे वजन हजार-दीड हजार किलोपर्यंत जाते. मिशांनी समुद्राचा तळ चाचपून ते शिंपले शोधून खातात. किनाऱ्यावर एकमेकांच्या अंगावर रेलून घोरत पडतात. आणि वास? वाऱ्याची दिशा बदलली आणि आम्ही सगळ्यांनी नाके धरली!

हेच वालरस सुळ्यांसाठी आणि चरबीसाठी माणसाने इतके मारले की या बेटांवर ते जवळजवळ संपले होते. १९५२ साली त्यांची शिकार बंद झाली. मग ते हळूहळू परत आले. ध्रुवीय अस्वलाची शिकार इथे १९७३ साली बंद झाली. माणसाने ठरवले, बंदूक खाली ठेवली आणि प्राणी वाचले. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट जरा कठीण आहे.

(मध्येच एक गंमत. तिथे आर्क्टिक टर्न नावाचा छोटा पक्षी आहे, आपल्याकडच्या सुरय पक्ष्यासारखा. तो उत्तरेचा उन्हाळा संपला की थेट दक्षिण ध्रुवाकडे जातो आणि दर वर्षी परत येतो! त्याच्या घरट्याजवळ गेलात तर डोक्यावर चोच मारतो. म्हणून जाणारे लोक डोक्यावर काठी उभी धरतात. तो काठीच्या टोकावर राग काढतो.)

बर्फ कमी होतो आहे

१९७९ पासून उपग्रह आर्क्टिक समुद्रावरच्या बर्फाची मोजणी करीत आहेत. बर्फ सर्वांत कमी असतो तो सप्टेंबरात. १९८० च्या आसपास सप्टेंबरात सुमारे सत्तर लाख चौरस किलोमीटर बर्फ असे. २०१२ च्या सप्टेंबरात तो चौतीस लाखांवर आला. ही आजवरची सर्वांत कमी नोंद. त्यानंतर आकडा वरखाली झाला, पण जुन्या आकड्याजवळ एकदाही गेला नाही.

कारण काय? कोळसा, तेल, वायू जाळल्यामुळे हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पृथ्वी तापते. आर्क्टिक तर बाकीच्या जगापेक्षा कितीतरी वेगाने तापत आहे. त्याचे एक कारण तुम्ही अंगणातही पाहू शकता. दुपारी पांढऱ्या फरशीवर पाय ठेवा आणि मग काळ्या दगडावर ठेवा. काळा दगड जास्त चटका देतो ना? पांढरा बर्फ ऊन परत फेकतो. बर्फ गेला की खालचे काळेशार पाणी ऊन पिते, तापते आणि आणखी बर्फ वितळवते.

आता तुमच्यातला एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी विचारील, "काका, तुमची बोटही तेलच जाळते ना?" जाळते. प्रवासी तिथवर विमानाने येतात, त्यातही तेल जळते. हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारीत असे. मी पोटासाठी गेलो होतो, ते लोक पाहण्यासाठी आले होते. पाहून गेलेल्यांपैकी काहींनी घरी जाऊन काही बदलले तर त्या प्रवासाला थोडा अर्थ आहे. नाहीतर नाही. यापेक्षा चांगले उत्तर मला सापडलेले नाही. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा शोधा.

आपला काय संबंध?

याच बेटांवर नी-ऑलेसुंद नावाचे शास्त्रज्ञांचे छोटे गाव आहे. उत्तर ध्रुव तिथून सुमारे बाराशे किलोमीटरांवर. तिथे उतरलो आणि एका घरावर ओळखीचे नाव दिसले : हिमाद्रि! हे आपल्या भारताचे संशोधन केंद्र. ते १ जुलै २००८ रोजी सुरू झाले. डिसेंबर २०२३ पासून आपले शास्त्रज्ञ हिवाळ्यातल्या काळोखातही तिथे राहून काम करू लागले. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय संस्थेतून चालतो. तिथल्या बर्फाचा आणि आपल्या मोसमी पावसाचा काय संबंध आहे, याचाही हे लोक अभ्यास करतात. म्हणजे भातशेतीवाल्या आपल्या गावाचाही तो प्रश्न आहे.

आणखी एक नाव सांगतो. आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १९०३ साली आर्क्टिक प्रदेशाबद्दल एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. वेदांतली लांबलचक पहाटेची वर्णने वाचून त्यांनी आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ असावे असे अनुमान काढले. आजचे अभ्यासक ते अनुमान मान्य करीत नाहीत. पण एक माणूस इथे बसून, पुस्तके वाचून, तिथल्या सूर्याचा एवढा विचार करू शकला. तुम्हीही करू शकता. त्याला बोटीचे तिकीट लागत नाही.

करून पाहा

बर्फाचे खडे, दोन सारखे पेले आणि चहाची गाळणी घ्या.

१) पहिल्या पेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फाचा खडा तरंगत ठेवा. पाण्याच्या पातळीला खूण करा. बर्फ वितळल्यावर पुन्हा पाहा. पातळी तेवढीच राहते. हा समुद्रावरचा बर्फ.

२) दुसऱ्या पेल्यात पाणी घेऊन खूण करा. पेल्यावर गाळणी ठेवून गाळणीत बर्फाचा खडा ठेवा. तो पाण्याला टेकू देऊ नका. वितळल्यावर पातळी वर चढते. हा जमिनीवरचा बर्फ.

आता सांगा, हिमनद्या वितळल्या तर आपल्या जेटीवर उधाणाचे पाणी कुठपर्यंत येईल?

उत्तरे शोधा

१) अस्वल बर्फ खात नाही, मग बर्फ कमी झाल्यावर त्याची उपासमार का होते?
२) बोटीवरचे बूट का धुतात?
३) वालरस कशामुळे परत आले?
४) कायदा मोडला नव्हता, तरी कप्तानाने बोट मागे का घेतली?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे या लेखात आहेत. चौथ्याचे उत्तर लिहून बाईंकडे द्या. पुढच्या खेपेला बोटीवर जाताना ती सगळी उत्तरे मी सोबत नेणार आहे आणि त्या वाटाड्याला वाचून दाखवणार आहे.